मुकं काडतूस

मंगळवार, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. दुकान उघडायला अजून चाळीस मिनिटं होती आणि आर्लिस विलहावर मागच्या खोलीत काडतुसं भरायच्या यंत्रासमोर उभी होती. लाल टरफल, मध्ये डाट, वर छरे, मग तोंड दुमडून बंद. दारू मात्र नाही. बुडाची टोपी आधीच फुटलेली, तिच्यावरचा खड्डा मेणाने बुजवून पुसून काढलेला. असं काडतूस बंदुकीत घालून चाप ओढला तर नुसतं 'टक' वाजतं. वेसल गावात त्याला मुकं काडतूस म्हणतात. दर ऑक्टोबरात आर्लिस अशी बारा भरते. भरायला सांगतो तो तिचा थोरला दीर, डेल्मर.

आर्लिस बासष्ट वर्षांची. साउथ डकोटातल्या या गावात शेतीसामानाच्या दुकानातला बंदुकांचा काउंटर ती सव्वीस वर्षं सांभाळते. वरच्या ओठावर पांढरी, तिरकी खूण आहे. नवरा लोवेल नऊ वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. गिऱ्हाईक आलं की ती कुठली बंदूक हवी हे विचारत नाही. काय मारायचंय, आठवड्याला किती वेळा, आणि कुठला खांदा दुखतो, हे विचारते. नवरे बायकोसाठी बंदूक घ्यायला येतात आणि सगळ्यात हलकी उचलतात.

"ही तिच्यासाठी घेतोयस की तिच्यावर राग आहे म्हणून?" ती विचारते. "बंदूक जितकी हलकी, तितकी लाथ जोरात. वजन असेल तर धक्का तेच खातं. नाहीतर बायको खाते."

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. अडतीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या शरद ऋतूत, रानकोंबड्यासारख्या फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा पहिला शनिवार होता. विलहावरांच्या मक्याच्या शेताकडेला सगळी माणसं जमलेली. डेल्मरने तिच्या हातात एकनळी, साडेपाच पौंडांची बारा बोअर दिली. "हलकी आहे, आर्लिस. बायकांना बरी." आत त्याने बाजारातलं सगळ्यात जड काडतूस घातलं होतं. तिने चाप ओढला. दस्ता खांद्यावरून सटकला, अंगठ्याचं हाड तोंडावर आलं, ओठ फाटला आणि ती खुंटांत बसली. लोवेलही हसला. नंतर त्याने रुमाल दिला. डेल्मर म्हणाला, "जी एकदा बसली, ती रांगेत चालत नाही." त्या दिवशी तिला रबरी एप्रन मिळाला आणि ती शेडमध्ये पक्षी सोलायला बसली. तेव्हापासून दरवर्षी तिथेच. शेडमधून रांग दिसत नाही. बार ऐकू येतात.

रांग म्हणजे विलहावरांची इज्जत. बारा बंदुका शेताच्या एका टोकाला ओळीने उभ्या राहतात आणि मक्यातून चालत पक्षी उठवतात. मध्यभागी चालतो तो रांगेचा म्होरक्या. कोण कुठे चालणार आणि कोण चालणार नाही, हे तोच ठरवतो. चाळीस वर्षं म्होरक्या डेल्मर आहे. मुक्या काडतुसाची पद्धतही त्यानेच पाडली.

पद्धत अशी. हजारो बार काढलेल्या माणसाच्या अंगात दचका बसतो. धक्का यायच्या आधीच शरीर तो खातं: डोळे मिटतात, खांदा पुढे जातो, नळीचं तोंड खाली डुलतं. बार झाला तर हे कुणाला दिसत नाही. टक वाजलं तर सगळ्यांना दिसतं. म्हणून शिकारीच्या आधीच्या आठवड्यात क्लबवर मातीच्या तबकड्या मारताना कुणीही कुणाच्याही डब्यात एक मुकं काडतूस सरकवायचं. ज्याची नळी डुलली, त्याला शनिवारी एप्रन. पोस्टमन मार्लो बिट्झची डुलली, त्या वर्षी त्याची बायको गेली होती. त्याने एप्रन घातला, संध्याकाळपर्यंत पक्षी सोलले, आणि सोमवारी आपल्या तिन्ही बंदुका आर्लिसच्या काउंटरवर विकायला आणल्या. डेल्मर अजून त्याची नक्कल करून दाखवतो. डेल्मरच्या डब्यात मात्र कुणी कधी काही घातलं नाही. त्याला सूट नव्हती. कुणाची हिंमत नव्हती.

सात वाजता मागचं दार वाजलं. डेल्मरच होता. एकाहत्तर वर्षांचा, अजून दारात मावत नाही असा.

"दार लाव," तो म्हणाला. "कोण आहे का?"

"तू, मी, आणि तुझी ही बारा मुकी."

त्याने एक काडतूस उचललं, अंगठ्याने बूड चाचपलं, पसंतीने परत ठेवलं. मग म्हणाला, "एक बंदूक पाहिजे. लाथ न मारणारी."

आर्लिसने यंत्राचा दांडा ओढत विचारलं, "कुणासाठी?"

"कुणासाठी काय. विचारते कशी बघ."

"सगळ्यांनाच विचारते. खांद्याचा सांधा बदलून किती झाले?"

"सात महिने. डॉक्टर म्हणतो, मार, पण बेताने मार. जुन्या बारा बोअरने एक डबा मारला की सकाळपर्यंत हात माझा नसतो. आणि..."

"आणि नळी खाली जाते."

त्याने बंद दाराकडे पाहिलं. "कुणाला बोललीस?"

"क्लबवर गुण मी लिहिते, डेल्मर. जूनपासून तू पंचविसात वीसच्या वर गेला नाहीस. मी मागे बसते, मला दिसतं. बाकीच्यांना बघायचं नसतं."

तिने आधी वीस बोअर काढून टेबलावरच्या जाड कापडावर ठेवली. लहान नळी, कमी दारू, कमी लाथ. शेजारी काडतूस ठेवलं. वीस बोअरचं काडतूस पिवळं असतं. चुकून बारा बोअरमध्ये जाऊन नळी फुटू नये म्हणून सगळे कारखाने ते पिवळंच करतात.

"मक्याचे दाणे," डेल्मर म्हणाला. ही चेष्टा त्याचीच होती. वीस बोअरवाल्या प्रत्येकाला त्याने ती ऐकवलेली. "हे घेऊन उभा राहिलो तर केंडल माझ्या पायाशी कोंबड्या सोडेल." केंडल त्याचा मुलगा, चव्वेचाळीस वर्षांचा, बियाणांचा विक्रेता.

"मग ही उचल."

ती बारा बोअरच होती, पण सव्वाआठ पौंडांची, स्वतः भरून घेणारी. बार झाला की त्याचा थोडा धूर आत वळवून त्याच दाबावर पुढचं काडतूस चढतं, त्यामुळे धक्का एकदम न येता पसरून येतो.

"हा नांगर आहे."

"नांगर लाथ मारत नाही. दस्ता अर्धा इंच कापते, मागे मऊ रबर लावते. तबकड्यांना हलकी काडतुसं मार, पाऊण औंसाच्या जरा वर छरे. शनिवारी पक्ष्यांना एक औंसाची. दोन्ही लाल. कुणाला काही कळणार नाही."

डेल्मरने बंदूक उजव्या खांद्याला लावली, उतरवली, परत लावली. खांदा उचलताना त्याचा जबडा घट्ट झाला.

"किंमत लिहिलीय ना यावर?"

"ती दुकानाची. माझी वेगळी. लोवेलची जागा. डावीकडून तिसरी. नऊ वर्षं मागतेय. या शनिवारी तिथे मी चालणार."

"धमकी देतेस?"

"बंदूक विकतेय."

त्याने डावा हात पुढे केला. "ठरलं."

बुधवारी दुपारी क्लबवर दोघंच होती. आर्लिसने दस्त्याच्या वरच्या कडेला, जिथे गाल टेकतो तिथे, चिकटपट्टीचे थर लावले: आधी दोन, मग तीन, मग त्यातला एक काढला. दस्त्याचं बूड त्याच्या खांद्याच्या खळग्यात स्वतः बसवलं. "मान वाकवू नकोस. बंदूक गालाकडे आण." पहिल्या पाचांत तीन सुटल्या. पुढच्या वीसांत दोन.

"लाथ गेली कुठे?" तो म्हणाला.

"धुराने खाल्ली."

"लोवेलला तू सापडलीस कुठे, मला कधी कळलं नाही." त्याच्या तोंडून हे कौतुकच होतं.

मग त्याच जागी उभी राहून तिने आपल्या वीस बोअरने एक डबा मारला. पंचविसात चोवीस. पिवळी टरफलं पायाशी पडत होती. डेल्मर बाकावर बसून बघत होता.

"हे कुणी बघितलंय?" शेवटी त्याने विचारलं.

"तू."

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता क्लबची नेहमीची फेरी झाली. डेल्मरने एकवीस मारल्या. नंतर आत जेवण: तळलेल्या मटणाचे तुकडे, खारी बिस्किटं, लोणच्याच्या काकड्या, वर केंडलच्या बायकोने केलेला सायीचा कुकेन, जर्मन पद्धतीचा केक. मिनियापोलिसहून आलेले दोन पाहुणे होते, रस नावाचा विमा विकणारा आणि एक दातांचा डॉक्टर. डेल्मर उभा राहिला आणि त्याने रांग वाचली. डावीकडून पहिला, दुसरा. तिसरा: रस. मध्ये तो स्वतः. बारा नावं झाल्यावर कागद उलटा करून म्हणाला, "शेड: आर्लिस."

"तिसरा परत वाच," आर्लिस म्हणाली.

"रस. र, स. तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय का?"

थोडं हसू झालं. पाहुण्यांना काही कळलं नव्हतं, म्हणून डेल्मरने त्यांना अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. केचपची बाटली ओठाला लावून, पाय फाकवून तो खुर्चीत कसा धपकन बसला ते बघून दातांचा डॉक्टर डोळे पुसायला लागला. "ओठ मी शिवला असता," तो म्हणाला. "फुकट." आर्लिस बशा गोळा करत होती. तिने त्याची बशी अर्धी भरलेली असतानाच उचलली.

ती धुवायच्या बेसिनपाशी उभी असताना डेल्मर मागे आला.

"ठरलं होतं," ती म्हणाली.

"रांग म्हणजे चर्चचं जेवण नाही, आर्लिस, ताट घेऊन कुणीही उभं राहायला."

"मी सांगेन त्यांना. खांद्याचं, नळीचं, सगळं."

"सांग ना." तो शांतपणे म्हणाला. "आत्ता एकवीस मारल्यात मी, सगळ्यांदेखत. तुझं कोण ऐकेल?"

त्याचं बरोबर होतं. बंदूक तिनेच नीट निवडली होती.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता तो दुकानात आला. काउंटरवर गर्दी होती, बाहेरगावचे लोक परवाने घेत होते. संध्याकाळी साडेचारला शिकारीच्या आदल्या दिवसाची फेरी असते. तिला सगळं गाव येतं, बायकासुद्धा.

"त्या हलक्यातला एक डबा," तो म्हणाला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सुऱ्यांना धार लावलीस का? उद्या छत्तीस आणून टाकतो तुझ्यापुढे."

"आणते," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

डब्यात पंचवीस लाल काडतुसं उभी असतात, पाचाच्या पाच ओळी. तिने चौथ्या ओळीतलं तिसरं काढलं. मंगळवारच्या बारा मुक्यांतलं एक उचललं, त्याच बनावटीच्या टरफलातलं, आणि त्या खळग्यात ठेवलं. झाकण लावलं. तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. काढलेलं काडतूस खिशात गेलं. तिने पिशवीत डबा घातला, पावती दिली आणि पुढच्याला विचारलं, "काय मारायचंय, आणि कुठला खांदा दुखतो?"

साडेचारला ती नेहमीसारखी उंच खुर्चीत बसली, मांडीवर गुणांची पाटी. पुढे पाच जण ओळीत, डेल्मर मधल्या जागी, केंडल त्याच्या उजवीकडे. मागे साठ-सत्तर माणसं, कॉफीचे पेले, गाड्यांच्या मागच्या फळ्यांवर बसलेल्या बायका. डेल्मर "सोड" म्हणायचा, तबकडी उडायची, धूळ व्हायची. पाचात पाच. दहात दहा. बाराव्याला लोक बोलायचे थांबले. वर्षभरात त्याने असं मारलं नव्हतं. आर्लिस प्रत्येक वेळी एक काडी काढत होती आणि त्याचा हात डब्यात कुठल्या ओळीत जातो ते बघत होती. तो नीटनेटका माणूस. डावीकडून उजवीकडे, पुढून मागे.

"पप्पा, दोन-चार ठेवा उद्यासाठी," केंडल म्हणाला.

सतराव्या तबकडीनंतर डेल्मरने मान वळवून लोकांकडे पाहिलं. मग अठरावं काडतूस घातलं.

"सोड."

टक.

नळी वीतभर खाली गेली. खांदा पुढे झेपावला, डोळे गच्च मिटले, आणि पडू नये म्हणून त्याने एक पाऊल टाकलं. तबकडी उडत गेली आणि दूर खुंटांत अख्खी पडली.

बार झाला नाही तर बंदूक लगेच उघडायची नाही. काडतूस उशिरा पेटू शकतं. नळी समोर धरून तीस अंक मोजायचे, हा क्लबचा नियम आहे. डेल्मरनेच तो भिंतीवर रंगवून घेतलेला. म्हणून तो तसाच उभा राहिला, सगळ्यांकडे पाठ, बंदूक खांद्याला. आठव्या अंकाच्या सुमाराला कुणीतरी हसलं. तो केंडल होता. पंधरापर्यंत सगळे हसत होते. मार्लो बिट्झ हसत नव्हता. तो फक्त कॉफी ठेवून जरा पुढे आला, नीट दिसावं म्हणून. डेल्मरच्या मानेवरचा लाल रंग कानांपर्यंत चढला. त्याने तीस पूर्ण मोजले.

मग काडतूस काढून अंगठा बुडावर फिरवला. मेण लागलं. त्याने आधी केंडलकडे पाहिलं. केंडलने दोन्ही हात वर केले. मग तो सावकाश उंच खुर्चीकडे वळला.

"किती घातलीस?"

"एकच," आर्लिस म्हणाली. "कुणीही, कुणाच्याही डब्यात. नियमाने ही तबकडी तुला परत मिळते. उभा राहा."

तो परत उभा राहिला. एक काडतूस कमी पडलं, ते केंडलने दिलं; राहिलेल्या आठांतल्या दोन फुटल्या.

केंडलने क्लबच्या खुंटीवरून एप्रन आणला. डेल्मरने तो गळ्यात घातला, पण मागच्या नाड्यांपर्यंत त्याचा उजवा हात पोचेना. नव्या सांध्याने हात मागे जात नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला.

"थांबा, थांबा, पप्पांना कपडे मीच घालतो आता," केंडल म्हणाला आणि नाड्या बांधून वर फुलासारखी गाठ मारली. बायकांतूनही हसू आलं. पाहुण्यांनी फोटो काढले.

नंतर आत टेबलाशी केंडलने रांगेचा कागद पुढे ओढला. बापाचं नाव खोडून मध्यभागी स्वतःचं लिहिलं. स्वतःची रिकामी झालेली जागा दातांच्या डॉक्टरच्या मेव्हण्याला दिली. तो रात्री येणार होता.

आर्लिस समोर उभी होती. "केंडल, लोवेलकाकांची जागा."

"तिथे रस आहे ना, काकू."

"मी पंचविसात चोवीस मारते."

"कधी?"

"बुधवारी. तुझ्या बापाने बघितलंय. विचार त्याला."

केंडलने मान वळवली. डेल्मर भिंतीशी बाकावर बसला होता, एप्रन घालूनच, कारण गाठ त्याला सोडता येत नव्हती. "पप्पा? काकू चोवीस मारते म्हणते. तुम्ही बघितलंय?"

डेल्मरने आर्लिसकडे पाहिलं.

"मला नाही आठवत," तो म्हणाला.

केंडलने पेनाचं टोपण लावलं. "हे बघ काकू, पप्पांना सोलता कुठे येतं? तू नसलीस तर संध्याकाळपर्यंत शेडमध्ये नुसती पिसं. तू शिकव त्यांना." कागद उलटा करून त्याने 'शेड' या शब्दापुढे आर्लिसच्या नावाला बापाचं नाव जोडलं.

आर्लिसने खिशातलं काडतूस काढून टेबलावर ठेवलं, डेल्मरच्या डब्यातून काढलेलं अठरावं, आणि कोट घातला. वाटेत शेडपाशी गाडी थांबवून तिने दुसरं टेबल पहिल्यासमोर मांडलं, बादल्या दोनाच्या चार केल्या आणि डेल्मरच्या बाजूची सुरी डावीकडे ठेवली, कारण त्याचा उजवा हात तासाभराच्या वर चालणार नाही.

उद्या शनिवार, ऑक्टोबरातला तिसरा. शिकार सकाळी दहा वाजता सुरू होते, त्याआधी एक बार काढला तरी दंड आहे. माणशी तीन कोंबडे, मादी नाही. बारा बंदुकांचे छत्तीस. सोललेल्या पक्ष्यावर तो नर असल्याचा पुरावा ठेवावा लागतो, डोकं, पिसांचा पंख किंवा पाय. विलहावरांच्या शेडमध्ये पाय ठेवतात, दर पक्ष्याला एक.